न मिटलेली नऊ फुलं

४ मार्च

दादा,

काल फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तू पलीकडून "हो हो, पाऊस नाही इकडे" म्हणत राहिलास. शीतगृहातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले ते खाल्लेच. म्हणून हे पत्र. वहिनीला वाचायला देऊ नकोस, ती लगेच गावभर करते.

काम तुझ्याच खात्यातलं आहे. तीस वर्षं तू फुलांना पाणी पाजलंस, कापलेलं फूल परदेशात पोचेपर्यंत ताजं कसं राहील ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. माझ्याकडे कार्नेशनच्या अकरा काड्या आहेत, प्रत्येकीवर तीन-चार फुलं आणि एखाददुसरी कळी. एका गिऱ्हाइकाला त्या प्रदर्शनात मांडायच्यात. त्या निदान तीन आठवडे टिकल्या पाहिजेत. दुकानात मी फुलं चार दिवस धरते, फार तर सहा. तेवढ्यात विकली जातात, म्हणून पुढचं कधी शिकलेच नाही.

पाण्यात काय घालू, किती घालू, केव्हा बदलू, सगळं बैजवार लिही. मला अडाणी समजूनच लिही. आणि लवकर लिही, तुझ्या नेहमीच्या चालीने नको.

हे बरे आहेत. जरा थकलेत, पडून असतात.

तुझी धाकटी


८ मार्च

धाकटे,

पाऊस नाही म्हणालो कारण तू पावसाचंच विचारत होतीस. असो.

आता नीट वाच. एक लिटर पाणी उकळून गार कर. त्यात चार सपाट चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस, आणि कपडे पांढरे करायचं जे औषध मिळतं त्याचे दहा थेंब. साखर म्हणजे फुलाचं जेवण. लिंबामुळे पाणी देठात भराभर चढतं. थेंब कशाला, तर साखर दिसली की पाण्यात जंतू माजतात आणि देठाचं तोंड बुजवतात, त्यांचा बंदोबस्त. सपाट चमचा म्हणजे सपाट. तुझा हात सढळ आहे, मला ठाऊक आहे.

देठ पाण्याखाली धरून तिरका काप, बोटभर. पाण्यात बुडतील ती पानं ओरबाडून टाक. तिसऱ्या दिवशी पाणी बदल, भांडं साबणाने घास, देठ पुन्हा काप. जवळपास फळांची टोपली ठेवू नकोस. पिकणारं फळ एक वायू सोडतं आणि कार्नेशनचा त्या वायूशी उभा दावा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादं फूल मिटायला लागलं, पाकळ्या आत वळल्या, की तेही तोच वायू सोडतं आणि शेजारच्यांना घेऊन बुडतं. दयामाया न दाखवता तेवढं फूल खुडायचं आणि लांब फेकायचं. आमच्याकडे नवीन पोरी "अजून बरं दिसतंय की" म्हणून ठेवायच्या आणि सकाळी अख्खी बादली मान टाकलेली. तू तसं करू नकोस.

सून विचारते, बाबा सकाळपासून चमच्याने साखर का मोजताय. तुझ्यासाठी हाताने करून बघितलं, मग लिहिलं.

पण हे कसलं गिऱ्हाईक? तीन आठवड्यांच्या प्रदर्शनाला लोक मधूनमधून नवी फुलं आणून लावतात. त्याच अकरा काड्या कशाला हव्यात त्याला? आणि मेहुणे "जरा थकलेत" म्हणजे काय? तो माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही.

दादा


१३ मार्च

दादा,

गिऱ्हाईक नाही. खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला हात होईना.

शेडमधले सगळे वाफे जाळले. मातीतून बुरशी आली. आधी खालची पानं पिवळी, मग अर्धं झाड, मग सगळंच. रोग तपासायला माणूस आला होता, त्याने देठ उभा चिरून आतली तपकिरी रेघ दाखवली आणि म्हणाला, एक झाड ठेवू नका. चौदा वर्षं ह्यांनी त्या एका फुलाच्या मागे घालवली, तुला माहीतच आहे. हजारो रोपं वाढवली, उपटली, पुन्हा बी धरलं. तेव्हा कुठे तो विटकरी रंग आणि कडेला पांढरी रेघ आली. तो कुणाकडेच नाही. आणि तो अर्ध्या दिवसात गेला. ह्यांनी स्वतः आग लावली, दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. त्याआधी अकरा काड्या कापून माझ्या हातात दिल्या.

त्या दिवशी आगीसमोर मीही काहीबाही बोलले. ते जाऊ दे.

तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. बोलत नाहीत. जेवण अर्धं परत येतं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. मला हे ऐकून जास्त भीती वाटली. दादा, शेडमधली फवारणीची डबडी मी शेजारणीकडे नेऊन ठेवलीत. यावरून काय ते समज. मी पहाटे फुलबाजारात जाते, तर येताना धावत येते. दार उघडून आधी खाटेकडे बघते.

मग चार तारखेला त्या काड्या भांड्यात घालून त्यांच्या खिडकीत ठेवल्या. ते वळले. अर्धा तास बघत राहिले. दुसऱ्या दिवशी उठून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःहून, खुणेने, चहा मागितला. तेव्हा माझ्या डोक्यात एकच पक्कं बसलं, की ही फुलं आहेत तोवर हा माणूस आहे.

तुझं पाणी शब्दाला शब्द धरून केलं. सपाट चमच्याने. आणि तरी रोज दोन-तीन फुलं मिटतात! आज ताठ दिसलेलं फूल परवा पाकळ्या आत ओढून घेतं. मी बाजारातून आले की पहिलं ते काम, मिटलेलं खुडते आणि मागच्या कचऱ्यात नेऊन टाकते, त्यांना दिसू नये म्हणून. पण त्यांना कळतं. काल बोडक्या देठाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. ती नजर मला सोसवत नाही.

काड्या मातीत लावून रुजवता येतात हे मलाही माहीत आहे. रोग तपासणारा तो माणूस म्हणाला, वरून धडधाकट दिसल्या तरी रोग देठात आहे, काडी रुजेल तसा तोही रुजेल. म्हणजे तोही रस्ता बंद.

जवळजवळ चाळीस फुलं होती, वीस उरलीत. काहीतरी कर. कसलंही औषध सांग, मी मिळवीन.

धाकटी


१७ मार्च

धाकटे,

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावून बसलो. त्या फुलाला मी तुझ्या घरात बसून नावं ठेवली होती. "विटेचा रंग कोण विकत घेतो" म्हणालो होतो मेहुण्यांना. ते हसले होते. आज ते हसणं डोळ्यांसमोरून जात नाही.

मी निघालोच असतो, पण खुब्याचं हाड वाकडं बसलंय ते तसंच आहे, जिना उतरायला दोन माणसं लागतात. म्हणून जे पाठवता येईल ते पाठवतोय. सोबतच्या बाटलीत चांदीचं औषध आहे. माझ्या जुन्या खात्यातल्या पोराकडून हातापाया पडून मिळवलं. कार्नेशनवर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. फुलाला तो वायू जाणवतच नाही मग, मिटायचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. एक झाकण अर्ध्या लिटर पाण्यात, त्यात काड्या फक्त दोन तास उभ्या करायच्या, मग परत साखरेच्या पाण्यात. हातमोजे घाल. उरलेलं मोरीत ओतू नकोस, बाटलीत भरून ठेव.

एवढ्या लवकर का मिटतायत ते मला कळत नाही. माझ्या पाण्यात कार्नेशन दहा-बारा दिवस हमखास उभं राहतं. खोलीत धूर येतो का? गॅसची शेगडी जवळ आहे? फळं? भांडं धातूचं नाही ना? एकेक करून बघ.

खुडतेस ते बरोबर करतेस. हयगय करू नकोस. डोळ्यांत तेल घालून बघ आणि मिटायची चाहूल लागताच काढ.

त्यांना माझं काही सांगू नकोस. किंवा सांग, दादाने माफी मागितली म्हणून. तुला योग्य वाटेल तसं कर.

दादा


२५ मार्च

दादा,

तुझ्या औषधाने चमत्कार केला. वीस तारखेला बाटली आली तेव्हा फक्त नऊ फुलं उरली होती, त्यातली चार तर कळ्यांची नुकती उमललेली. दोन तास मोजून ठेवली. आज पाच दिवस झाले, नऊच्या नऊ उभी आहेत! एकाचीही पाकळी वळली नाही. अशी तुकतुकीत, की गिऱ्हाइकांनी बघितली असती तर कागदाची म्हणाली असती.

आणि हे मात्र पार खचलेत.

मला काही समजेनासं झालंय. फुलं गळत होती तेव्हा निदान उठून बसत होते. आता ती ताठ उभी आहेत तर हे रोज सकाळी त्यांच्याकडे बघतात, एकेक फूल बोटाने वळवून बघतात, आणि डोळे मिटून घेतात. परवापासून जेवण पूर्ण बंद. काल मी बाजारातून आले तर खाटेवर नाहीत. मागे धावले. हे अंगणात उकिडवे बसलेले, कचऱ्याचं पिंप वर्तमानपत्रावर उपडं केलेलं, आणि दोन्ही हातांनी कुजका पाला चिवडतायत. म्हटलं, काय शोधताय? "काही नाही" म्हणाले. वीस-बावीस दिवसांनी तोंडातून निघालेले दोन शब्द, आणि ते हे. मग हे तिथेच बसून रडले, दादा. पन्नाशीचा माणूस, आवाज न करता.

मी हात धुऊन दिले, आत आणलं. चादर बदलताना उशीखाली रंगकामाचा एक बारीक ब्रश सापडला, केसांच्या टोकाला पिवळट काहीतरी लागलेलं. चित्रं काढायची मनात असेल तर काढू देत बापडे. मी होता तसा ठेवून दिला.

फुलांना ते हात लावतात म्हणून मी ती आता दुकानातल्या थंड कपाटात हलवलीत. हाताळून खराब झाली तर? तिथे अजून महिनाभर जातील. पण ती टिकवू कुणासाठी? मला वाटलं होतं फुलं टिकली की माणूस टिकेल. फुलं टिकली, आणि माणूस माझ्या डोळ्यांदेखत चाललाय. आता काय करू सांग. माझी अक्कल संपली.

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

हे पत्र फुलांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय, उद्या सकाळी तो तुला बाजारात गाठेल. वाचल्या वाचल्या घरी जा.

फुलं थंड कपाटातून काढ. त्यांच्या खिडकीत, उन्हात, होती तिथे ठेव. यापुढे एकही फूल खुडायचं नाही. मिटलं, वाळलं, काळं पडलं तरी देठावर राहू दे.

मेहुणे चित्रं काढत नव्हते. ब्रशाला लागलेला तो पराग होता. तू बाजारात गेलीस की ते उठत असणार आणि एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावत असणार. बुरशी देठातून काडीत जाते, बियात सहसा जात नाही. त्यांना बी धरायचं होतं. साखरेच्या पाण्यात ठेवलेल्या काडीवर बी पिकू शकतं, पाच-सहा आठवडे लागतात.

आणि कार्नेशनला पराग लागला की ते दोन दिवसांत मिटतं. हे मला माहीत होतं! आमच्या शीतगृहात माशी शिरली तर आम्ही दारं लावून मारायचो, याच कारणासाठी. पण भांड्यातल्या फुलाला पराग कोण लावणार, म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही. मिटलेलं फूल म्हणजे गेलेलं फूल, एवढंच मी तीस वर्षं शिकलो आणि तेच तुला शिकवलं. दोन दिवसांत मिटलेली ती फुलं बिघडलेली नव्हती. त्यांनी बी धरलं होतं. ती सगळी मी तुझ्या हातून कचऱ्यात टाकायला लावली.

चांदीचंही ऐक. ते घेतलेलं फूल धरलं तरी मिटत नाही. म्हणजे ती नऊ फुलं उभी दिसून मेहुण्यांना वाटलं असणार, एकही धरलं नाही, संपलं. तसं नाही. धरलं असेल, फक्त दिसत नाही. हे त्यांना आजच्या आज सांग. चांदी घेतलेल्या फुलात बी भरतं की नाही, ते मला माहीत नाही. खोटी आशा देणार नाही. आमच्याकडे बी धरेपर्यंत फूल कुणी ठेवलंच नव्हतं.

एक मात्र मला कळत नाही. ते तुला "खुडू नकोस" एवढं का म्हणाले नाहीत?

दादा


३१ मार्च

दादा,

का म्हणाले नाहीत ते मी सांगते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

वाफे जळत होते तेव्हा मी त्यांना शपथ घातली. म्हटलं, चौदा वर्षं ह्या फुलाने तुम्हाला खाल्लं, मला काय मिळालं? माझ्या गळ्याची शपथ घ्या, पुन्हा ह्याचं नाव काढणार नाही, पुन्हा बी धरणार नाही. मला राग आला होता, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मला खरंच वाटत होतं ते. त्यांनी माझ्या गळ्याला हात लावला आणि घेतली शपथ.

तुझं पत्र बाजारातच वाचलं. माल तसाच टाकून घरी आले. वाटेत दुकानातल्या कपाटातून फुलं उचलली, ती खिडकीत ठेवली आणि म्हटलं, मला कळलंय तुम्ही काय करत होतात.

ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुला आधीपासूनच माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

"तू बरोबर तीच खुडायचीस. जी धरली तीच. दुसऱ्या एकाला हात लावत नव्हतीस. मला वाटलं, शपथ मोडली म्हणून करतेयस. बोलायला तोंड कुठे होतं मला? दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचो. वाटायचं, एखादं तरी तुझ्या नजरेतून सुटेल."

दादा, वीस दिवस. वीस दिवस तो माणूस समजत होता की मी समोर बसून, रोज सकाळी, जाणूनबुजून त्याचा जीव घेतेय. आणि तरी माझ्या हातचा चहा पीत होता.

मी काय बोलले, किती रडले, ते लिहीत नाही. चांदीचं सांगितलं तेव्हा ते एकदम वळले. "दादा म्हणाले असं? नक्की?" मी तुझं पत्रच हातात दिलं. तीनदा वाचलं. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि नऊही फुलांना खुणेचे दोरे बांधले. त्यातल्या तीन फुलांना अजून लावायचं राहिलं होतं. ब्रश मी आणून दिला. मी त्यांचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून लावलं.

दुकानात मी जन्मभर फूल मिटू नये म्हणून धडपडले. आता रोज त्या नऊ फुलांसमोर उभी राहून म्हणते, मिटा ग बायांनो, एकदाच्या मिटा. ती तशीच हसतायत. धरलंय की नाही, काही म्हणता काही कळत नाही. हे जेवतायत थोडं. पण सगळं त्या नऊ फुलांवर टांगलेलं आहे, आणि ती पोकळ निघाली तर मला पुढचं काही दिसत नाही.

धाकटी


१२ मे

दादा,

तुमच्या बहिणीला न सांगता लिहितोय. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

माफी कशाला मागता? विटेचाच रंग होता तो.

परवा बोंडं उकलली. आठ पोकळ निघाली. नवव्यात बिया होत्या, पण बहुतेक पांढुरक्या, फोलपटं. एक काळी आणि भरलेली आहे. एकच. उगवलीच तर तेच फूल येईल असंही नाही, बियाचं काही सांगता येत नाही.

बी तिने कागदात बांधून स्वतःजवळ ठेवलंय. पेरू देत नाही. म्हणते, आत्ता नको, हवा बरी नाही. मग म्हणते, माती तापवून घेतली पाहिजे. माती मी दोनदा तापवली. हवेला काही झालेलं नाही. तिच्या मनात काय आहे ते मला कळतं. न पेरलेलं बी मेलेलं नसतं. पेरलं आणि पंधरा दिवसांत वर आलं नाही, तर मी पुन्हा त्या खाटेवर जाऊन पडेन, कदाचित त्याहून वाईट काही करीन, असं तिला वाटतं. ती अजून बाजारातून धावतच येते. दारात उभी राहून आधी मला बघते, मग चप्पल काढते.

कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे. पण चोरून घेणार नाही. चोरून केलं तर काय होतं ते आम्ही दोघांनी बघितलं.

म्हणून तुम्हाला विनंती. ती तुमचं ऐकते. तिला असं लिहा की उगवलं नाही तर त्याला वाईट वाटेल, खूप वाटेल, आणि तो ते तुला तोंडाने सांगेल. भिंतीला नाही, तुला. याच्यापलीकडे मी काही कबूल करू शकत नाही, आणि खोटं मला कबूल करायचं नाही.

एवढ्यावर ती बी देते का, तेवढं तिला विचारा.

तुमचा मेहुणा